विक्रीकर सवलतींची अखेर : शासनाचा शब्द व शासनाची तिजोरी

एखादी शासकीय योजना सुरू होते त्या दिवशी समारंभ असतो. ती बंद होते त्या दिवशी सहसा एक परिपत्रक निघते आणि ते फाइलीला लावले जाते. वास्तविक योजना सुरू करण्यापेक्षा ती बंद करणे हे शासनाच्या दृष्टीने अधिक अवघड काम होय. सुरू करताना आश्वासन द्यावयाचे असते. बंद करताना दिलेल्या प्रत्येक आश्वासनाचा हिशेब करावा लागतो.

नव्या उद्योगांना विक्रीकराच्या रूपाने देण्यात येणाऱ्या सवलती १ जानेवारी २००० पासून सर्व राज्यांनी बंद कराव्यात, असा निर्णय १६ नोव्हेंबर १९९९ रोजी झालेल्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत घेण्यात आला. उद्योगांना प्रोत्साहन देणाऱ्या योजनांची महाराष्ट्रातील परंपरा त्या वेळी ३५ वर्षांची झाली होती. हा निर्णय का घ्यावा लागला, तो अमलात येताना कोणते प्रश्न उद्भवले आणि सवलती खरोखरच संपल्या काय, हे समजून घेणे प्रशासनाशी व स्थानिक स्वराज्य संस्थांशी संबंधित असलेल्या प्रत्येकास उपयुक्त ठरेल.

योजनेचा उगम

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली तेव्हा राज्यातील कारखानदारी मुख्यत्वेकरून मुंबई, ठाणे व पुणे या पट्ट्यात एकवटलेली होती. विदर्भ, मराठवाडा व कोकण या भागांत कच्चा माल होता, मनुष्यबळ होते. परंतु रस्ते, पाणी, वीज व बाजारपेठ यांच्या अभावी उद्योजक तिकडे वळत नव्हते. ही विषमता दूर करण्यासाठी शासनाने दोन मार्ग अवलंबिले. पहिला मार्ग पायाभूत सोयींचा. १९६१ च्या कायद्यान्वये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी अस्तित्वात आले आणि आखलेले भूखंड, रस्ते व पाणीपुरवठा असलेल्या औद्योगिक वसाहती ठिकठिकाणी उभ्या राहू लागल्या. दुसरा मार्ग आर्थिक उत्तेजनाचा. १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना जाहीर झाली. पुढे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या सिकॉम या संस्थेकडे तिच्या अंमलबजावणीचा मोठा भार आला.

ही योजना वेळोवेळी सुधारण्यात आली. १९७९, १९८३, १९८८ व १९९३ या वर्षांच्या योजना उद्योगक्षेत्रात त्या त्या वर्षाच्या नावानेच ओळखल्या जातात. त्यांचे सूत्र सोपे होते. राज्यातील क्षेत्रांची विकासाच्या पातळीनुसार वर्गवारी करावयाची आणि क्षेत्र जितके मागास तितकी सवलत अधिक व तिची मुदत लांब ठेवावयाची. मुंबई-पुण्यासारख्या विकसित क्षेत्रांना सवलतीबाहेर ठेवावयाचे. महामंडळाची वसाहत आणि शासनाची सवलत ही या धोरणाची दोन चाके होती. औरंगाबादजवळील, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज किंवा नागपूरजवळील बुटीबोरी या वसाहतींचा विस्तार याच धोरणाच्या काळात झाला.

सवलत म्हणजे नेमके काय?

या योजनांमध्ये सर्वांत आकर्षक सवलत विक्रीकराची होती. तिचे तीन प्रकार होते. पहिला प्रकार माफीचा. पात्र कारखान्याच्या मालावर विक्रीकर आकारलाच जात नसे, त्यामुळे त्याचा माल बाजारात स्वस्त पडे. दुसरा प्रकार कर लांबणीवर टाकण्याचा. कारखाना ग्राहकाकडून कर वसूल करी, परंतु तो सरकारी खजिन्यात तत्काळ न भरता स्वतःच्या व्यवसायात वापरी आणि ठरलेल्या वर्षांनंतर हप्त्याहप्त्याने फेडी. तिसरा प्रकार बिनव्याजी कर्जाचा. भरलेल्या कराच्या प्रमाणात शासन कारखान्यास व्याजाशिवाय कर्ज देई.

यांपैकी कोणत्याही प्रकारासाठी पात्रता प्रमाणपत्र आवश्यक असे. सवलतीला दोन मर्यादा असत : एक काळाची, दुसरी रकमेची. स्थिर भांडवली गुंतवणुकीच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत सवलत मिळे आणि रक्कम किंवा मुदत यांपैकी जे आधी संपेल तेथे ती थांबे. सवलतीच्या काळात उत्पादन चालू ठेवण्याचे बंधनही कारखान्यावर असे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. माफी दिलेला कर अर्थसंकल्पात खर्च म्हणून दिसत नाही. शाळेच्या इमारतीसाठी तरतूद केली तर ती मागण्यांच्या पुस्तकात छापली जाते, विधिमंडळात तिच्यावर चर्चा होते. वसूलच न झालेल्या कराची नोंद मात्र जमेच्या बाजूला नसते आणि खर्चाच्याही बाजूला नसते. केंद्र शासनाने कर सवलतींमुळे सोडून दिलेल्या महसुलाचे विवरण अर्थसंकल्पासोबत देण्यास २००६-०७ या वर्षापासून प्रारंभ केला. तोपर्यंत या प्रकारचा खर्च बव्हंशी दृष्टीआडच राहिला.

राज्याराज्यांतील चढाओढ

आठवड्याच्या बाजारात शेजारी शेजारी बसलेल्या दोन भाजीविक्रेत्यांनी एकमेकांचे गिऱ्हाईक ओढण्यासाठी भाव पाडण्यास सुरुवात केली, तर प्रारंभी एकाचा माल खपतो. दुसरा त्याहून भाव पाडतो. दिवस मावळताना दोघांचाही माल विकलेला असतो आणि दोघांच्याही पदरी तोटा आलेला असतो. नव्वदच्या दशकात भारतातील राज्यांची स्थिती काहीशी अशीच झाली होती.

एका राज्याने पाच वर्षांची माफी दिली की शेजारचे राज्य सातची देई. दादरा व नगर हवेली या केंद्रशासित प्रदेशात नव्या उद्योगांना विक्रीकरात १५ वर्षांची माफी होती. हा प्रदेश महाराष्ट्राच्या सीमेला लागून असल्यामुळे मुंबईतील उद्योजकाला सिल्वासा दूर नव्हते. उद्योजकांच्या दृष्टीने असा विचार करणे स्वाभाविकच होते. परंतु सर्वच राज्ये सवलत देऊ लागल्यावर कोणत्याही एका राज्याला तिचा विशेष लाभ उरला नाही. कारखाना शेवटी बंदर, बाजारपेठ, वीज व कुशल कामगार यांचाच विचार करून जागा निवडी. सोडलेला कर मात्र प्रत्येक राज्याने गमावलेला असे. ज्या मागास तालुक्यासाठी ही योजना आखली होती, त्याची स्पर्धा आता राज्यातील विकसित जिल्ह्याशी उरली नव्हती. ती दुसऱ्या राज्यातील तालुक्याशी सुरू झाली होती.

एकट्या राज्याला ही चढाओढ थांबविणे शक्य नव्हते. जे राज्य प्रथम माघार घेईल त्याच्याकडील उद्योग शेजारी जाण्याची भीती होती. म्हणूनच सर्व राज्यांनी एकाच दिवशी थांबणे हा एकमेव व्यवहार्य मार्ग होता.

१९९९ चा निर्णय

१६ नोव्हेंबर १९९९ च्या परिषदेत तीन गोष्टी ठरल्या. राज्याराज्यांतील विक्रीकराच्या दरांची अनिष्ट स्पर्धा थांबविण्यासाठी १ जानेवारी २००० पासून निरनिराळ्या वस्तूंवर सर्वत्र समान किमान दर लागू करावेत. त्याच दिवसापासून विक्रीकराशी निगडित औद्योगिक प्रोत्साहन योजना बंद कराव्यात. आणि पुरेशी पूर्वतयारी करून राज्यांनी मूल्यवर्धित कर आणावा. या निर्णयांच्या अंमलबजावणीसाठी राज्यांच्या अर्थमंत्र्यांची अधिकारप्राप्त समिती नेमण्यात आली.

दुसरा व तिसरा निर्णय परस्परांशी जोडलेले होते. मूल्यवर्धित करात प्रत्येक टप्प्यावरील व्यापारी आपल्या खरेदीवर भरलेला कर विक्रीवरील करातून वजा करतो. साखळीतील प्रत्येक कडी पुढच्या कडीला कर भरल्याची पावती देते, म्हणूनच ही पद्धती चालते. मध्येच एखाद्या कारखान्याला करमाफी असली तर त्याच्याकडून माल घेणाऱ्यास वजा करण्यासाठी काही उरत नाही आणि साखळी तुटते. मूल्यवर्धित कर १ एप्रिल २००५ पासून महाराष्ट्रासह बहुसंख्य राज्यांत लागू झाला. त्यापूर्वी जानेवारी २००५ मध्ये अधिकारप्राप्त समितीने प्रसिद्ध केलेल्या श्वेतपत्रिकेत जुन्या सवलतींबाबत मध्यममार्ग सुचविण्यात आला होता : कराची साखळी तुटणार नाही अशी व्यवस्था करून राज्यांनी त्या योग्य वाटेल त्या रीतीने चालू ठेवाव्यात.

दिलेल्या शब्दाचे काय?

योजना बंद झाल्यावर नव्या उद्योगांसाठी दार लागले. पण आत असलेल्यांचे काय? ज्यांच्या हाती पात्रता प्रमाणपत्र होते, ज्यांनी जमीन घेऊन यंत्रसामग्रीची मागणी नोंदविली होती, ज्यांनी बँकेचे कर्ज याच सवलतीच्या भरवशावर काढले होते, त्यांचा प्रश्न सर्वच राज्यांपुढे उभा राहिला.

लांबणीवर टाकलेल्या कराचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. कारखान्याने आज वसूल केलेला कर दहा-बारा वर्षांनंतर फेडावयाचा असे. म्हणजे योजना २००० साली बंद झाली तरी तिची येणी पुढील दशकांत वसूल व्हावयाची होती. या लांबलेल्या येण्यांवर महाराष्ट्राने एक तोड काढली. मुंबई विक्रीकर अधिनियमात दुरुस्ती करून, मुदतीपूर्वी रक्कम भरू इच्छिणाऱ्या कारखान्यांना ती निव्वळ वर्तमान मूल्याने भरण्याची मुभा देण्यात आली. या संज्ञेचा अर्थ साधा आहे. बारा वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत १०० रुपये नसते. दरसाल १० टक्के चक्रवाढ व्याज धरले तर आज ठेवलेल्या सुमारे ३२ रुपयांचे बारा वर्षांनी १०० रुपये होतात. तेव्हा आजच ३२ रुपये घेऊन हिशेब मिटविला तर शासनाचे नुकसान होत नाही, तिजोरीत पैसा लवकर येतो आणि वर्षानुवर्षे वसुलीच्या नोंदी ठेवण्याचा व्याप वाचतो.

परंतु यातूनही एक नवा वाद निघाला. १०० रुपयांचे देणे ३२ रुपयांत फिटले, तर उरलेल्या ६८ रुपयांवर कारखान्याने आयकर भरावयाचा की नाही? मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये कारखान्यांच्या बाजूने निर्णय दिला. वर्तमान मूल्याने रक्कम भरणे म्हणजे देणे माफ होणे नव्हे, अशी त्यामागील भूमिका होती. नव्या उद्योगांसाठी २००० साली बंद झालेल्या योजनेचे पडसाद सतरा वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयात उमटले. योजना बंद करणे म्हणजे काय, याची यावरून कल्पना यावी.

न्यायालयांची भूमिका

शासन आपल्या शब्दाने कितपत बांधले जाते, या प्रश्नाचा ऊहापोह न्यायालयांनी अनेक वेळा केला आहे. त्यातील मूलभूत निर्णय डिसेंबर १९७८ चा. उत्तर प्रदेश शासनाने १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये नव्या उद्योगांना तीन वर्षे विक्रीकर माफ करण्याचे जाहीर केले. मोतीलाल पदमपत शुगर मिल्स या कंपनीने त्यावर विसंबून कानपूर येथे वनस्पती तुपाचा कारखाना काढण्याचे ठरविले. शासनाच्या मुख्य सचिवांनी तिला तसे लेखी आश्वासनही दिले. पुढे शासनाने विचार बदलला आणि कारखान्याचे उत्पादन सुरू झाल्यानंतर सवलत पूर्णपणे मागे घेतली. सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालपत्राद्वारे असे ठरविले, की शासनाने जाणीवपूर्वक दिलेल्या आश्वासनावर विसंबून एखाद्याने आपली स्थिती बदलली असेल, तर शासनास त्या आश्वासनाशी बांधून घेता येते.

याचा अर्थ शासनाचे हात कायमचे बांधले गेले असा नाही. १९९४ च्या कासिंका ट्रेडिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक हितासाठी करमाफीची अधिसूचना मुदतीपूर्वी मागे घेण्याचा शासनाचा अधिकार मान्य केला. २०२० मध्ये झारखंडच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी एका दोषाकडे लक्ष वेधले. त्या राज्याच्या २०१२ च्या औद्योगिक धोरणात विद्युत शुल्कात ५० टक्के सूट जाहीर झाली होती. तिच्यासाठी आवश्यक असलेली अधिसूचना एका महिन्यात निघावयाची होती; ती निघाली २०१५ मध्ये, आणि तीही पुढील काळासाठी. शासनाच्या विलंबाचा भार उद्योगाने सोसावा हे न्यायालयास मान्य झाले नाही. कार्यालयात पडून राहिलेल्या कागदाची किंमत किती मोठी असू शकते, याचे हे उदाहरण होय.

दार लागले, खिडकी उघडली

विक्रीकराच्या सवलती संपल्या. उद्योगांना प्रोत्साहन देणे मात्र संपले नाही. महाराष्ट्राच्या २००१ च्या योजनेत विद्युत शुल्क, मुद्रांक शुल्क, जकात यांसारख्या बाबींवर भर होता. २००७ च्या योजनेत औद्योगिक प्रोत्साहन अनुदान आले. कारखान्याने राज्यास भरलेल्या कराच्या प्रमाणात त्याला अनुदान द्यावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. २०१३ व २०१९ च्या योजनांनीही हीच वाट पुढे चालविली. एका अर्थाने सवलत मागच्या दाराने परतली, अशी टीका यावर होऊ शकते आणि ती अगदीच निराधार नाही.

तथापि दोन्हींतील फरक महत्त्वाचा आहे. पूर्वी कर वसूलच होत नसे. आता तो प्रथम खजिन्यात जमा होतो आणि अनुदान नंतर अर्थसंकल्पीय तरतुदीतून दिले जाते. त्यामुळे रक्कम मोजता येते, विधिमंडळापुढे येते, लेखापरीक्षणात तपासली जाते. कराची साखळीही अखंड राहते.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा या प्रश्नाने आणखी एक वळण घेतले. विक्रीकराच्या पद्धतीत माल जेथे तयार होई त्या राज्याच्या पदरी कराचा वाटा पडे. नव्या पद्धतीत माल जेथे वापरला जातो त्या राज्याला कर मिळतो. परराज्यात विकलेल्या मालाच्या करातून सवलत देण्यास उत्पादक राज्याकडे काही उरलेच नाही. केंद्र शासनापुढेही असाच पेच होता. हिमाचल प्रदेश व उत्तराखंड यांसारख्या राज्यांतील कारखान्यांना उत्पादन शुल्कात असलेली माफी नव्या कराबरोबर संपली. उरलेल्या मुदतीसाठी केंद्राने भरलेल्या केंद्रीय वस्तू व सेवा कराच्या ५८ टक्के इतके अर्थसाहाय्य देऊ केले. केंद्रीय करातील ४२ टक्के वाटा वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार राज्यांना जात होता. उरलेल्या ५८ टक्क्यांपुरतेच केंद्राने आपले उत्तरदायित्व मानले. पूर्ण शंभर टक्क्यांची मागणी करणाऱ्या कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कायद्यानेच पद्धती बदलली असता जुन्या आश्वासनाचा आधार घेता येणार नाही, असे न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. मात्र राज्यांनी व वस्तू व सेवा कर परिषदेने त्यांच्या अडचणींचा विचार करावा, असेही सुचविले.

एकाएकी दार लावले तर?

हे सर्व वाद योजनेच्या पुढील वाटचालीबद्दलचे होते. पश्चिम बंगालने २०२५ मध्ये याहून निराळा मार्ग धरला. त्या राज्याच्या विधानसभेने कायदा करून १९९३ पासूनच्या औद्योगिक प्रोत्साहन योजना पूर्वलक्षी परिणामाने रद्द केल्या. राज्याची साधनसंपत्ती समाजातील दुर्बल घटकांच्या कल्याणासाठी वापरता यावी, असे कारण त्यामागे देण्यात आले. आधीच देय झालेल्या सवलतींवरही त्यामुळे गदा आली आणि अनेक कंपन्यांनी कलकत्ता उच्च न्यायालयात धाव घेतली.

या प्रकरणातील दोन्ही बाजू विचारात घेण्यासारख्या आहेत. कारखान्याला दिलेला रुपया प्राथमिक आरोग्य केंद्राला मिळत नाही, हे खरे आहे. गरजूंसाठी पैसा हवा असणे यात गैर काहीच नाही. परंतु उद्या तेच शासन एखाद्या मागास तालुक्यात कारखाना काढावयास उद्योजकाला बोलावील, तेव्हा तो जुन्या शब्दाचे काय झाले हे प्रथम विचारील. शब्दाची पत उतरली म्हणजे तीच गुंतवणूक आणण्यासाठी शासनास पुढच्या वेळी अधिक मोठी सवलत देऊ करावी लागते. वाचविलेला पैसा अशा रीतीने पुन्हा खर्ची पडण्याचा संभव असतो.

अनुभवाचा सार

गेल्या साठ वर्षांच्या या अनुभवातून काही गोष्टी स्पष्ट होतात. सवलतीला आरंभीच मुदत व रकमेची मर्यादा हवी. १९६४ पासूनच्या योजनांचे हे बलस्थान होते आणि त्यामुळेच त्या बंद करणे शक्य झाले. शेजाऱ्याशी चढाओढ असेल तर ती एकट्याने थांबत नाही, सर्वांनी मिळून थांबवावी लागते. नव्यांसाठी दार बंद करताना जुन्यांची यादी, प्रत्येकाचे शिल्लक येणे-देणे व अंतिम तारीख ही कागदावर असावयास हवीत. आणि सवलत द्यावयाचीच असेल तर ती न वसूल केलेल्या करापेक्षा मंजूर केलेल्या अनुदानाच्या रूपात द्यावी, म्हणजे तिची किंमत देणाऱ्याला व घेणाऱ्यालाही समजते.

ही गोष्ट केवळ मंत्रालयापुरती मर्यादित नाही. गावाच्या हद्दीत कारखाना येतो तेव्हा ग्रामपंचायतीकडेही जागा, पाणी, ना-हरकत दाखला व करातील सूट यांची मागणी होते. ती मान्य करताना सूट किती वर्षांची, कोणत्या रकमेपर्यंत, स्थानिकांना किती रोजगार मिळणार आणि कारखाना मध्येच बंद पडल्यास काय, हे ग्रामसभेच्या ठरावात स्पष्ट लिहिले गेले पाहिजे. ठराव करणारे सदस्य पाच वर्षांनी बदलतात. त्या ठरावाचे देणे पुढच्या सदस्यांना फेडावे लागते. म्हणूनच सवलत देण्याचा ठराव लिहितानाच ती कशी संपेल, हेही त्याच कागदावर लिहून ठेवणे शहाणपणाचे ठरते.